मे महिन्याची पानं

वर्गात शिरलो की आधी खिडक्या लावून घेतो.
फळ्यावर काहीच लिहीत नाही.
दोन झेरॉक्स वाटतो, म्हणतो,
यातलं खोटं शोधा. वीस मिनिटं.

पहिलं पान इतवारीतल्या एका पतसंस्थेच्या रोजकीर्दीचं.
मे महिना, तारीख सतरा.
त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता,
सराफ्यात कुत्री पायऱ्यांखाली जीभ काढून पडलेली,
आणि हे अक्षर बघा,
कसं न्हाऊनमाखून आल्यासारखं.
कुठे शाई फुटलेली नाही,
मनगटाचा ओला अर्धगोल नाही,
पान उलटणाऱ्या अंगठ्याचा डाग नाही.
अख्खा मे महिना असाच, इस्त्रीचा.

तेव्हा मी आर्थिक गुन्हे शाखेत फौजदार होतो
आणि हिशेबात कच्चा.
बेरजा सगळ्या बरोबर होत्या
(बरोबर बेरजांची मला अजून भीती वाटते).
तीन रात्री आकड्यांत बुडून काही सापडलं नाही.
चौथ्या दिवशी पानावर माझाच घाम टपकला
आणि एक सात फुटला,
निळा, पाकळी पाकळी होऊन.

डिसेंबरात लिहिलं होतं हे.
स्वेटर घालून, एका बैठकीत, एकाच पेनानं.
मध्ये दोनदा गरम दूध मागवलं,
मॅनेजर ढोमणे नंतर स्वतःच म्हणाला,
जणू दुधाचाही हिशेब लागावा.

हे पान पोरांना सापडतं.
टाळ्या वाजवतात.
मग मी म्हणतो, दुसरं.

दुसरं पंचनाम्याचं, पुढच्या मे महिन्यातलं.
ढोमणेच्या गोडाऊनवर छापा, शांतीनगर.
बिल थकल्यानं वीज तोडलेली,
'टॉर्चच्या उजेडात पाहणी केली' असं पानावरच नमूद.
दोन पंच, दोन सह्या, चार वाजून दहा मिनिटं.
पोरं वेळ तपासतात, सह्या जुळवतात, कलमं घोकतात.
दरवर्षी इथे घंटा होते.

यंदा मागच्या बाकावरची उईके,
कुरखेड्याची, फारशी न बोलणारी,
उठली, मला न विचारता खिडकी उघडली,
पान उजेडात धरलं.
सर, डावीकडे शाई फुटलीय.
घाम असेल, कोणीतरी म्हणालं.
घामानं मनगटाखाली फुटते, ती म्हणाली,
हे वरून उडालंय. बारीक, तिरकं.
लिहिणाऱ्याच्या डाव्या हाताला कूलर होता.
आणि तिथे तर वीज नव्हती.

ॲडव्होकेट पाठराबेंना एवढंच दिसलं होतं.
भर कोर्टात पान उचलून, माझ्याकडे न बघता,
अगदी घरगुती आवाजात विचारलं त्यांनी,
तुमच्या ऑफिसातला कूलर फार पाणी उडवतो का हो?

छापा खरा होता.
गोडाऊनमधल्या मूळ वह्या खऱ्या,
तीनशे बारा खातेदार खरे.
फक्त उकाडा फार होता,
म्हणून पंचांना म्हटलं, चला, ऑफिसात बसून लिहू.
ढोमणे सुटला.

अनसूया निनावे, खाते क्रमांक अठ्ठ्याऐंशी,
मागावर पंचेचाळीस वर्षं लुगडी विणलेली बाई,
कोर्टाच्या पायरीवर पासबुक पदराखाली धरून उभी.
वाटलं, शिव्या घालेल.
तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं तिनं,
'तितंच बसून लिवलं असतं त काय झालं असतं जी, साहेब?'

पुढे पदक मिळालं, डॉक्टरेट झाली,
बँका बुडवणारे दोन-चार मोठे मासेही आत गेले.
त्यांची पानं मी वर्गात आणत नाही.

उईके उभीच होती.
सही झाकून झेरॉक्स काढलेली,
तिथल्या पांढऱ्या पट्टीवर नख घासत होती.
झेरॉक्सवर नखानं काही निघत नाही, तिलाही ठाऊक.
सर, हे कोणी लिहिलं?

पुढच्या तासाला, म्हणालो.
तिनं पानावरचं अक्षर पाहिलं,
मग कोरा फळा,
मग माझ्या हातातला हजेरीपट.